तुमचा, आमचा, आपला

भालाफेकीला आमच्या भागात कधी कोणी विचारले नाही. कुस्ती, कबड्डी, खो-खो आणि या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेले क्रिकेट. भालाफेक असायची ती तालुका स्पर्धांच्या पत्रकात छापलेली असते म्हणून. आम्ही एकोणतीस वर्षे एका हायस्कुलात खेळ शिकवले. त्यातली पहिली पंधरा-सोळा वर्षे शाळेकडे एकच भाला होता. बांबूचा, पुढे लोखंडी टोक, मधोमध सुतळी गुंडाळलेली. तालुक्याला गेले की तीन-चार शाळांची मुले त्याच एका भाल्याने फेकायची. पहिल्याचा फेकून झाला की दुसरा धावत जाऊन तो उपटून आणायचा आणि स्वतः फेकायचा. भाला कोणत्या शाळेचा आहे, यावरून भांडण झालेले आम्हांला आठवत नाही. भांडणे व्हायची ती टेप धरणाऱ्याने बोटभर इकडेतिकडे केले म्हणून.

मोठ्या स्पर्धांतही थोडेफार असेच असते. पुरुषांचा भाला आठशे ग्रॅम वजनाचा, अडीच मीटरपेक्षा थोडा लांब. खेळाडू आपापले भाले घेऊन येतात, पण स्पर्धेआधी ते तपासून एकत्र ठेवले जातात, आणि मग त्यातला कोणताही भाला कोणीही उचलून फेकू शकतो. तसा नियमच आहे. हा नियम ज्यांना ठाऊक नव्हता अशा लोकांनी २०२१ च्या ऑगस्टमध्ये केवढा गहजब केला, ते वाचकांना आठवत असेल. टोकियोत ७ ऑगस्टला नीरज चोप्राने ८७.५८ मीटर भाला फेकून भारताला ॲथलेटिक्समधले पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिले. पुढे एका मुलाखतीत त्याने सहज सांगितले की, अंतिम फेरीत पहिल्या फेकीच्या वेळी आपला भाला सापडेना, पाहतो तर तो पाकिस्तानच्या अर्शद नदीमच्या हातात होता, मागितला, त्याने दिला. बस्स. एवढ्यावरून काही लोकांनी अर्शदने भाल्यात काहीतरी गडबड केली असणार, अशी हाकाटी सुरू केली. नाव अर्शद, देश पाकिस्तान, आणखी पुरावा कशाला हवा?

नीरजने काय करावे? तो तेव्हा तेवीस वर्षांचा होता, सैन्यात सुभेदार होता, सारा देश त्याला डोक्यावर घेऊन नाचत होता. गप्प बसला असता तरी कोणी काही म्हटले नसते. त्याने स्वतःचा व्हिडिओ काढला आणि सांगितले की भाला सगळ्यांचा असतो, नियमात बसते, आणि माझ्या बोलण्याचा आधार घेऊन आपला घाणेरडा अजेंडा पुढे रेटू नका. खेळ आम्हांला एकत्र राहायला शिकवतो, असेही तो म्हणाला. आम्ही तो व्हिडिओ नातवाच्या मोबाइलवर पाहिला. बायकोला हाक मारून दाखवला. ती स्वयंपाकघरातून पीठाचे हात घेऊनच आली, शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाली, "कोणाचा मुलगा आहे हो हा?"

हा प्रश्न तिने विचारला तो कौतुकाने. आमच्याकडे चांगल्या मुलाबद्दल पहिला प्रश्न हाच असतो. तेव्हा आम्ही इकडून तिकडून वाचून तिला सांगितले की, तो हरियाणातल्या पानिपतजवळच्या खांद्रा नावाच्या गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी फार गुबगुबीत होता, वजन उतरावे म्हणून घरच्यांनी व्यायामाला पाठवला, आणि पानिपतच्या स्टेडियमवर भाला फेकणारी मोठी मुले पाहून तो तिथेच रमला. त्या स्टेडियमचे नाव शिवाजी स्टेडियम. मराठी माणसाला पानिपत म्हटले की १७६१ आठवते, आणि आपल्या भाषेत तर 'पानिपत होणे' म्हणजे धूळधाण होणे. पण त्याच पानिपतावर भाऊसाहेबांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी शेवटपर्यंत लढला आणि पकडला गेल्यावर मारला गेला, हे आम्ही वर्गात मुद्दाम सांगत असू. बू अली शाह कलंदर यांचा दर्गा तिथलाच, शायर हालीही तिथलेच. फाळणीत पानिपतचे बहुतेक मुसलमान सरहद्द ओलांडून गेले. नीरजच्या गावाकडची माती अशी आहे.

अर्शद नदीम पलीकडच्या पंजाबातला. खानेवाल जिल्ह्यातल्या मियाँ चन्नूजवळच्या एका खेड्यातला. वडील गवंडीकाम करणारे. स्पर्धांना जाण्यासाठी गावकऱ्यांनी आणि नातेवाइकांनी पैसे गोळा करून दिले, असे वडिलांनीच पुढे सांगितले. ही गोष्ट आम्हांला परकी वाटली नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलीला राज्यस्तरावर धावायला पाठवायचे होते तेव्हा जुम्म्याच्या नमाजनंतर रुमाल फिरवला होता. त्यात मशिदीसमोरच्या सायकलवाल्या मारुतीभक्तानेही पन्नास रुपये टाकले होते.

दोघांची पहिली गाठ पडली ती २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत. नीरजला सुवर्ण, अर्शदला कांस्य. दोघे एकोणीसच्या आतबाहेर. २०१८ ला जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत पुन्हा तसेच झाले, आणि विजेत्यांच्या चौथऱ्यावर दोघे हात मिळवताहेत तो फोटो सगळीकडे छापून आला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत नीरज ८८.१७, अर्शद ८७.८२. म्हणजे फरक केवळ पस्तीस सेंटिमीटरचा, हातभरसुद्धा नाही. स्पर्धा संपल्यावर नीरज खांद्यावर तिरंगा घेऊन फोटोला उभा होता. अर्शदजवळ त्या क्षणी त्याच्या देशाचा झेंडा नव्हता. नीरजने त्याला हाक मारली आणि तो येऊन शेजारी उभा राहिला. दोन्हीकडच्या काही लोकांना तेही खुपले.

पण आम्हांला सगळ्यात जास्त भावली ती २०२४ च्या मार्चमधली गोष्ट. पॅरिस ऑलिंपिक चार-पाच महिन्यांवर आलेले असताना अर्शदने सांगितले होते की, आपल्याकडे आंतरराष्ट्रीय दर्जाचा एकच भाला आहे, तो सात-आठ वर्षे वापरून खराब झाला आहे, नवीन मिळत नाही. हे नीरजला कोणीतरी विचारले. तो म्हणाला, त्याच्यासारख्या खेळाडूला भाल्यासाठी झगडावे लागते यावर विश्वास बसत नाही. त्याच्या सरकारने त्याच्याकडे लक्ष द्यावे, भाले बनवणाऱ्या कंपन्यांनीही द्यावे. ज्याच्याकडून आपल्याला सर्वात मोठा धोका आहे त्याच्या हातात चांगला भाला असावा, असे उघडपणे म्हणणे सोपे नाही. आम्ही तालुक्याला गेलो की समोरच्या शाळेचा भाला बोथट निघाला तर मनातून खूश होणारे शिक्षक पाहिले आहेत. खेळाडूला आपल्या तोडीचा समोरचा हवा असतो, हे खरे. पण तो बोलून दाखवणारा विरळा.

आणि मग पॅरिस. ८ ऑगस्ट २०२४. आपल्याकडे मध्यरात्र होत आली होती. आमच्या घरी दोन मुलगे, नातू, शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांचा जावई असे सगळे जमले होते. अर्शदची पहिली फेक बाद. दुसऱ्या फेकीला तो धावत आला, भाला सुटला आणि उतरेचना. ज्यांनी मैदानावर आयुष्य घालवले आहे त्यांना भाला हवेत असतानाच कळते. तो थरथरत गेला की लवकर पडतो, आणि सरळ, शांत गेला की समजावे, आता टेप वाढवून धरा. हा शांत गेला. ९२.९७ मीटर. ऑलिंपिकचा आधीचा विक्रम २००८ साली बीजिंगमध्ये नॉर्वेच्या थोरकिल्डसेनने केलेला, ९०.५७. तो कुठल्या कुठे मागे पडला. थोड्या वेळाने नीरजने ८९.४५ फेकला. मांडीच्या सांध्याजवळचे दुखणे अंगावर घेऊन खेळत होता बिचारा. बाकीच्या पाचही फेकी बाद झाल्या. शेवटच्या फेकीत अर्शदने पुन्हा ९१.७९ फेकून दाखवला, म्हणजे पहिला काही नशिबाचा नव्हता.

आता जे सांगायचे आहे ते नीट सांगावे लागेल.

तो भाला ९२ च्या पलीकडे पडला तेव्हा आमच्या तोंडून 'वा!' निघाला. एकोणतीस वर्षे पोरांना भाला कसा धरायचा, शेवटची पावले आडवी कशी टाकायची, डावा पाय कसा रोवायचा ते शिकवलेला माणूस असली फेक पाहून दुसरे काय म्हणणार? पोस्टमास्तरांच्याही तोंडून 'वा!' निघाला. पण त्यांचा 'वा!' निघाला आणि विरला. आमचा निघाला आणि खोलीत राहिला. थोरल्या मुलाने उघड्या खिडकीकडे पाहिले. कोणी काही बोलले नाही. धाकट्याने उठून टीव्हीचा आवाज थोडा कमी केला.

वाचकहो, हे तुम्हांला समजावून सांगायला नको. खिडकीकडे पाहणे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. आम्ही शाळेत होतो तेव्हापासून, क्रिकेटचा सामना असला की दुसऱ्या दिवशी वर्गात, चहाच्या टपरीवर, कचेरीत कोणीतरी हसत हसत विचारणारच. वाईट माणसेच विचारतात असे नाही. पुष्कळदा चांगली, रोजची, सुखदुःखाला धावून येणारी माणसेही सवयीने विचारतात. त्या रात्रीनंतर सकाळी आम्ही दूध आणायला गेलो तर डेअरीवर एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "काय सर, काल तुमचा जिंकला की!"

तुमचा. दोन लिटर दुधाची पिशवी हातात होती. आम्ही म्हटले, "आमचा दुसरा आला हो. थोडक्यात गेला." ते क्षणभर गोंधळले आणि मग म्हणाले, "हो हो, तेच, नीरज." विषय संपला. म्हणजे त्यांच्यापुरता.

घरी येऊन वर्तमानपत्र उघडले, टीव्ही लावला, तर पानिपतहून नीरजच्या आईची, सरोजदेवींची मुलाखत चालू होती. डोक्यावर पदर, अंगणात माणसांची गर्दी. त्या म्हणाल्या की, आम्हांला रौप्याचा आनंद आहे, आणि ज्याला सुवर्ण मिळाले तोही आपलाच मुलगा आहे, मेहनत करूनच घेतले त्याने. एवढेच. कोणी शिकवून बोलल्यासारखे नव्हते. मग थोड्या वेळाने मियाँ चन्नूहून अर्शदच्या आईची, रझिया परवीन यांची मुलाखत आली. त्याही म्हणाल्या की नीरजही मला मुलासारखाच आहे, अर्शदचा दोस्त आहे, भाऊ आहे, हारजीत खेळात असतेच, त्याच्यासाठीही मी दुआ केली.

आमच्या बायकोने टीव्हीसमोरच पदराने डोळे पुसले. आम्हीही पुसले असतील.

सरोजदेवी हिंदीत 'हमारा' म्हणाल्या. हिंदीत आणि उर्दूत या शब्दाला एकच रूप आहे. आपल्या मराठीची गंमत अशी की इथे दोन आहेत. 'आमचा' म्हटले की समोरचा बाहेर राहतो, 'आपला' म्हटले की तो आत येतो. हा फरक मराठी बोलणाऱ्याला लहानपणीच कळतो, शिकवावा लागत नाही. डेअरीवरच्या गृहस्थांनी 'तुमचा' म्हटले, आम्ही 'आमचा' म्हटले, आणि त्या बाईने, जिच्या स्वतःच्या पोटच्या पोराचे सुवर्ण गेले होते, तिने जे म्हटले त्याचे मराठी भाषांतर आम्ही 'आपला' असेच केले. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात 'आमचा' छापले होते. तेही चूक नाही. पण आम्हांला आमचे भाषांतर अधिक पटले.

जाता जाता एक गमतीची गोष्ट. अर्शदला त्याच्या सासऱ्याने बक्षीस म्हणून म्हैस दिली. आणि तो हसत म्हणाला, सासरे बरे खातेपिते आहेत, पाचेक एकर जमीन द्यायची होती. आमच्या नातवाला यात हसण्यासारखे काय ते कळेना; आम्ही मात्र हसून हसून बेजार झालो. हे तर कुठल्याही जावयाचे बोलणे झाले, आमच्या कवठेमहांकाळपासून थेट खानेवालपर्यंत.

इथवर सगळे गोड आहे. लेख इथेच थांबवला असता तर वाचकांनाही बरे वाटले असते. पण २०२५ साल आले.

नीरजने स्वतःच्या नावाची एक आंतरराष्ट्रीय भालाफेक स्पर्धा भारतात भरवायची ठरवली होती. जगभरच्या चांगल्या फेकणाऱ्यांना बोलावणी गेली, तशी अर्शदलाही गेली. खेळाडूने खेळाडूला बोलावले. अर्शदने त्या दिवसांत आशियाई स्पर्धेची तयारी असल्याचे सांगून येता येणार नाही असे कळवले. आणि त्याच सुमारास, २२ एप्रिलला, पहलगामला ते घडले. सव्वीस माणसे मारली गेली. नाव आणि धर्म विचारून मारली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातली होती, आणि पाहुण्यांना वाचवायला गेलेला तिथलाच एक गरीब मुसलमान घोडेवालाही होता. त्या शुक्रवारी आमच्या मशिदीत दुआ झाली, दंडाला काळ्या फिती बांधून लोक नमाजला आले. कोणी सांगितले म्हणून नव्हे.

आणि इकडे लोक नीरजवर तुटून पडले. निमंत्रण हल्ल्याच्या आधीच गेले होते, हे ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हते. सैन्यात नोकरी करणाऱ्या, तिरंगा खांद्यावर घेऊन जगभर उभा राहिलेल्या मुलाला देशप्रेमाचा दाखला मागू लागले. त्याच्या आईलाही सोडले नाही. नीरजला निवेदन काढावे लागले. त्यात त्याने लिहिले की, एरवी मी कमी बोलतो, पण माझ्या देशप्रेमावर आणि घराच्या इभ्रतीवर बोट ठेवले तर बोलावे लागेल. या परिस्थितीत अर्शदच्या येण्याचा प्रश्नच उरत नाही. आणि वर्षापूर्वी माझ्या आईने साधेपणाने जे म्हटले त्यासाठी ज्यांनी तिची वाहवा केली, तेच आज त्याच वाक्यासाठी तिला बोल लावत आहेत.

हे आम्ही वाचले तेव्हा विचित्र वाटले. दाखला मागितला जाणे म्हणजे काय, हे आम्हांला घरातले भांडे ओळखावे तसे ओळखीचे. पण तो दाखला पानिपतच्या चोप्रांच्या पोरालाही मागितला जाऊ शकतो, हे पहिल्यांदा पाहिले. आमचे पोस्टमास्तर त्या संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, तुम्हांला रोज असे होते का हो?" चाळीस वर्षांच्या शेजारात त्यांनी हे कधी विचारले नव्हते. आम्ही म्हटले, "रोज नाही. सामना असला की." ते हसले नाहीत.

मेमध्ये दोहाला नीरजने ९०.२३ मीटर फेकला. ज्या नव्वदीची सारे वाट पाहत होते ती आली. तिथेच त्याला पुन्हा अर्शदबद्दल विचारले. तो म्हणाला, आमची तशी फार जवळची दोस्ती कधी नव्हतीच. आणि जे झाले त्यानंतर पूर्वीसारखे राहणार नाही. पण कोणी माझ्याशी अदबीने बोलले तर मीही अदबीने बोलेन.

यावर आमच्या ओट्यावर दोन तट पडले. धाकटा मुलगा म्हणाला, बघा, घाबरला, माघार घेतली. थोरला म्हणाला, माघार कसली, जीव वाचवला. पोस्टमास्तरांचे म्हणणे पडले की, हे पहिल्यापासून खरेच असणार. वर्षातून दोनतीनदा भेटणारी, एकमेकांची भाषा जेमतेम जुळणारी दोन पोरे, त्यांची दोस्ती आपणच वाढवून ठेवली. फोटो आपण काढले, मथळे आपण दिले, आणि मग ओझे त्यांच्यावर टाकले. हे शेवटचे आम्हांला पुष्कळसे पटते. अब्दुल खालिकला लाहोरात हरवणारे मिल्खासिंग घ्या, फाळणीत आईबाप गमावलेले; १९६० साली तिथे धावायला जायला त्यांचे मन तयार नव्हते, नेहरूंनी समजावले तेव्हा गेले. नीरजने टोकियोचे सुवर्ण त्यांनाच अर्पण केले होते. किंवा २०१० साली अमेरिकन ओपनच्या दुहेरीच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलेली बोपण्णा आणि ऐसाम कुरेशी यांची जोडी घ्या. दोन्ही देशांचे संयुक्त राष्ट्रांतले राजदूत शेजारी शेजारी बसून सामना पाहत होते. त्या दोघांनी बरोबर खेळावे म्हणून खेळले, आणि लोकांनी त्यांच्याकडून काश्मीरचा प्रश्न सोडवून घ्यायची अपेक्षा केली. खेळाडूच्या खांद्यावर आठशे ग्रॅमचा भाला असतो. तेवढाच पेलायची तालीम त्याने केलेली असते.

पण 'फार जवळची दोस्ती नव्हती' हे मान्य केले, तरी भाल्याचे काय? जवळचा दोस्त नसताना त्याला चांगला भाला मिळावा म्हणून बोलणे, त्याच्यावर खोटा आळ आला तेव्हा व्हिडिओ काढणे, झेंडा नसताना शेजारी बोलावणे, हे दोस्तीपेक्षा थोडे अधिकच झाले, असे आम्हांला वाटते. दोस्तासाठी कोणीही करतो. धाकट्याला हे अजून पटलेले नाही. तो म्हणतो, अब्बा, तुम्ही प्रत्येक गोष्टीत चांगलेच शोधता. त्याचे वय तसे आहे, आणि त्याने ऐकलेले बोलही आमच्यापेक्षा जास्त धारदार आहेत. त्याच्याशी आम्ही वाद घालत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात टोकियोलाच जागतिक स्पर्धा झाली. नीरज आठवा आला, अर्शद दहावा. सुवर्ण त्रिनिदादच्या केशॉर्न वॉलकॉटने नेले. भारताचा सचिन यादव ८६.२७ फेकून चौथा आला. त्याचे नाव आमच्या मोहल्ल्यात कोणाला ठाऊक नव्हते. त्या दिवशी आमच्या घरी गर्दी नव्हती. नातू आणि आम्ही दोघेच होतो, खिडकी उघडी होती. दुसऱ्या दिवशी डेअरीवर कोणी काही विचारले नाही. नातवाने मात्र विचारले की सचिन यादवचा पाय रोवायचा ढंग नीरजपेक्षा वेगळा का. चांगला प्रश्न आहे. आम्ही त्याला अंगणात नेले, झाडूची काठी हातात दिली आणि शेवटची पावले टाकून दाखवायला सांगितले. गुडघा वाकतो पोराचा. अजून दोन वर्षे तरी लागतील.